पाणी नाही म्हणालीस, कांता

कांता,

तुझ्या तेराव्याला मी जेवले नाही. ताटावर बसले होते, वाढून झालं होतं, आणि तुझी नणंद डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आमच्या कांतानं कधी कुणापासून काही लपवलं नाय." पंगतीतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी उठले आणि हात धुऊन बाहेर आले. लोकांना वाटलं, मला भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. मी चिडले होते.

कारण आदल्याच दिवशी तुझ्या सुनेनं, वर्षानं, मला तुझ्या कुरडयांच्या शेडच्या मागं नेऊन सांगितलं होतं. "आईंना दिवाळीपासून म्हाईत व्हतं, मावशी. छातीचं दुखणं हाय म्हणले डॉक्टर. जड काम बंद करा म्हणले. मला शपथ घातली व्हती, कुणाला बोलायचं नाय म्हणून."

दिवाळीपासून! म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक अमावास्येला तू आमच्या मधोमध बसून, "आधी काय फसलं ते सांगा, मग चहा," असं दटावत होतीस आणि स्वतः मात्र गप्प होतीस. मी जन्माची संशयी बाई. रिक्षावाला सरळ रस्त्यानं निघाला तरी मला वाटतं, हा आज सरळ का चालला? पण तुझ्या तब्येतीचा संशय मला आला नाही. याचा राग तुझ्यावर काढू की माझ्यावर, ते अजून ठरलेलं नाही. सध्या तुझ्यावरच काढते आहे, कारण तू उलट बोलू शकत नाहीस.

तू पहिल्यांदा माझ्या दारात आलीस ते आठवतंय? सिडकोतल्या घराच्या ओट्यावर मी येसरासाठी, आमटीला लावायच्या मसाल्याच्या पिठासाठी, ज्वारी निवडत बसले होते. तू गंगापूरकडची, नाकात मोठी मोरणी, हातात कुरडयांची पिशवी. म्हणालीस, "वैनी, तुम्ही पापड-येसर करता म्हणं. आम्ही काही धंदेवाल्या बाया अमावस्येला जमतो. या की." मी विचारलं, वर्गणी किती? तू म्हणालीस, काही नाही. विचारलं, कुठल्या पक्षाचं आहे? नाही. साखळीची स्कीम आहे का, एकीनं चार जणी आणायच्या अशी? नाही. मग मी सरळच विचारलं, "मग तुम्हाला यात काय मिळतं?" तू हसलीस आणि ओट्यावर बसून माझी ज्वारी निवडायला लागलीस. तिथंच मला खात्री पटली, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. फुकट ज्वारी कोण निवडतं?

अमावास्येला का, हे ऐकून सासूबाई तर हादरल्याच. "त्या दिवशी बायका जमून करतात काय?" तुझं उत्तर साधं होतं. अमावास्येला कुणी मुहूर्त करत नाही, कुणी नवीन ऑर्डर देत नाही, लग्नघरचा माणूस दारात येत नाही. महिन्यातून तेवढाच दिवस धंदेवाली बाई मोकळी. सासूबाईंना ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नव्हतं, पण मी गेले. संशयी माणूस घरी बसत नाही, तो बघायला जातो.

बैठक कुठल्या हॉलमध्ये असेल, खुर्च्या असतील, हार-तुरे असतील असं वाटलं होतं. निघाली रेहाना आपांच्या शिवणाच्या खोलीत, जुन्या शहरात, शाळेच्या गणवेशांच्या ढिगाऱ्यात. आणि आल्या आल्या सगळ्या कामाला लागल्या. कुणी काज करतंय, कुणी बटणं लावतंय, कुणी धागे कापतंय. ही तुझी रीत. ज्या बाईकडं बैठक, तिच्या कामाला आधी हात लावायचा आणि मगच तोंड उघडायचं. मला वाटलं, छान युक्ती आहे, फुकटात मजूर! दुसरा विचार आला तो त्याहून वाईट होता. उद्या या माझ्याकडं आल्या की माझ्या येसराचं प्रमाण बघून जातील. तू तर वाळवणातलीच. तू माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवावास हे मला बिलकूल नको होतं.

तरी त्या दिवशी हातात सुई असताना रेहाना आपा काय बोलल्या ते डोक्यात राहिलं. "इस बार गला छोटा काट दिया सबका. बच्चों के सर ही नहीं जाते अंदर." एवढ्या जाणत्या बाईनं एवढी मोठी चूक सगळ्यांसमोर सांगितली आणि कुणी चुकचुकलं नाही. एकजण म्हणाली, खांद्यावर चीर देऊन बटण लावा. दुसरीनं कापडाची पट्टी कशी बसवायची ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत गळे मोठे झाले. मी घरी येताना विचार करत होते की माझ्या घरात माझी चूक मी कुणाला सांगते? नवऱ्याला सांगितली तर तो म्हणणार, मग बंद कर. सासूबाईंना सांगितली तर त्या म्हणणार, मी म्हटलंच होतं. आईला सांगितली तर ती रात्रभर झोपणार नाही. चूक सांगितल्यावर जी बाई लगेच दुसरी सुई मागते, अशी बाई घरात नसते.

ते दुष्काळाचे दिवस होते, अजूनही आहेत. जायकवाडीचा तळ दिसायला लागला, नळ आठवड्यातून एकदा आला तरी लोक शेजाऱ्याला आनंदानं सांगायचे. आणि त्याच दिवसांत शहर मात्र चहूकडं वाढत होतं. प्यायला पाणी नाही, पण स्लॅबवर पाणी मारायला टँकर आहे. माझ्या घराशेजारी अशीच एक इमारत उठली. आधी तिच्या सिमेंटची धूळ माझ्या पापडांवर बसायची, मग तिनं माझ्या गच्चीवरचं ऊनच खाल्लं. दुपारी सावली, तीही भर चैत्रात! पापड ओलसर राहून चिकटायला लागले. बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सगळं ठीक आहे." तू म्हणालीस, "हितं ह्ये वाक्य बंद हाय, वैनी. ठीक असतं तर अमावस्येला कशाला आली असती?"

मी गच्चीचं सांगितलं. रेहाना आपांनी मशीनवरून मान वर केली नाही. "मेरी छत खाली पड़ी है. धूप ही धूप. कल से ले आओ." त्यांचं घर बुटकं, आजूबाजूला उंच काही नाही. मी पंधरवडाभर मनात खल केला, लोक काय म्हणतील, गिऱ्हाईक काय म्हणेल, आपांना यातून काय हवं असेल. मग पापड चिकटून चिकटून वाया जायला लागले तेव्हा गेले. गिऱ्हाइकांनी काही विचारलं नाही. त्यांना पापड फुलण्याशी मतलब. आपांना काय हवं होतं तेही हळूहळू कळलं. दुपारी गच्चीवर चहाला सोबत हवी होती.

तू मला 'फौजदार' म्हणायला लागलीस तो दिवसही सांगते. पॅन्ट-शर्ट इन केलेला एक माणूस बैठकीत आला होता. तुम्हा सगळ्यांचा माल एका नावाखाली मोठमोठ्या दुकानांत ठेवतो, फक्त सह्या करा. बायकांचे चेहरे फुलले होते. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "वैनी, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोल." मी बोलले. पाकिटावर नाव कुणाचं? माल परत आला तर तो कुणाच्या घरी येणार? आमच्या मसाल्याचं प्रमाण तुम्हाला कशाला पाहिजे? तो हसत हसत पाणी पिऊन गेला तो गेलाच. तू म्हणालीस, "देवानं हिला संशय दिलाय, आपल्याला नाय दिला. फौजदार, तू सोडून जाऊ नको बाई." माझ्या त्या स्वभावाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चांगलं म्हटलं. माहेरी, सासरी, सगळीकडं त्यावरून बोलणीच खाल्ली होती. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला उगाचच शिरा करून घातला.

आणि कांता, तरीही तुझ्यावरचा माझा संशय गेला नाही. तुलाही ते माहीत होतं. आपलं कायमचं भांडण तेच. तू म्हणायचीस, आधी भरवसा टाकावा, मग माणूस कळतो. मी म्हणायचे, आधी माणूस तपासावा, मग टाकायचा तर टाकावा. तू म्हणायचीस, "तोवर माणूस मरून जाईल की गं." हे तू गमतीत म्हणायचीस असं मी समजत होते.

आता गेल्या माघ महिन्याचं बोलू. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

गुलमंडीतल्या एका कापडवाल्याच्या घरचं लग्न होतं. रुखवताच्या कुरडयांची ऑर्डर तुझी, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक तुझं. तू ती माझ्याकडं पाठवलीस. फोनवर म्हणालीस, "माझ्याकडं पाणी नाय, वैनी. गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चीक निवळायचा. कुठनं आणू? तू कर."

मला पटायला हवं होतं. सगळ्या शहरात पाणी नव्हतं. पण माझं डोकं लगेच चालायला लागलं. गिऱ्हाईक कटकट्या असणार म्हणून माझ्या गळ्यात मारतेय. किंवा हिला कुठंतरी मोठं काम मिळालंय. मी रिक्षा केली आणि थेट देवळाईला आले. तुझ्या शेडपासून थोड्या अंतरावर उतरले. तुझ्या फाटकात टँकर उभा होता. पाइप टाकीत सोडलेला, टाकी भरून पाणी खाली सांडत होतं आणि एक म्हैस ते चाटत होती. मी तशीच परत फिरले. रस्ताभर म्हणत आले, सापडली! सापडली!

मी तुला बरोबर पकडलं होतं, कांता. फक्त गुन्हा भलताच समजले होते.

पाणी होतं. हात राहिले नव्हते. आधणात चीक ओतल्यावर तो गुठळी न होऊ देता हाटायचा म्हणजे खांद्यापासून ताकद लागते, हे मला काय माहीत नाही? हाटायचा दांडा तुला पेलवत नव्हता, आणि तुझ्या हातचा चीक दुसऱ्या कुणी हाटलेला तुला चालत नव्हता. पुढच्या बैठकीत, तुझ्याच शेडमध्ये, तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "यंदा पाणी नाय म्हणून ऑर्डरी सोडल्या." मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस. पाणी होतं हे मला माहीत आहे, हे तुला तेव्हा कळलं, नक्की कळलं. मी तोंड उघडायची वाट बघितलीस का? की उघडू नये म्हणून देव पाण्यात घातलेस? निघताना फाटकात माझा हात धरलास आणि बराच वेळ सोडला नाहीस. म्हणालीस, "फौजदार, आज गप?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. म्हणजे त्या दिवशी आपण दोघीही खोटं बोललो, आणि दोघींनाही ते कळलं, आणि तशाच आपापल्या घरी गेलो.

वर्षाला मी विचारलं, तुझ्या सासूनं आम्हाला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "आई म्हणायच्या, घरात आता मी पेशंट हाय. पोरानं उठू दिलं नाय, ह्येंनी वाकू दिलं नाय. अमावस्येला तरी मला कुणी झोपून ऱ्हा म्हणत नाय. तेवढं नका घालवू माझं."

हे ऐकून मला रडू आलं. मग थोड्या वेळानं वाटलं, हे खरंच तू म्हणालीस, की आम्हाला वाईट वाटू नये म्हणून पोरीनं रचून सांगितलं? बघ, मी अशी आहे. पण खरं असेल तर मला तुझ्याशी भांडायचं आहे. आम्ही तुला झोपवलं नसतं. तू खुर्चीत बसली असतीस आणि आम्ही हाटलं असतं, आणि तू दर मिनिटाला ओरडली असतीस की गुठळी होतेय. बैठकीत नाहीतरी दुसरं काय करत होतो आपण? एकीचा हात अडला की दुसरीनं लावायचा, हीच ना तुझी रीत? मग तुझा हात अडला तेव्हा ती रीत कुठं गेली? आम्ही तुला तेवढ्या पुरत नव्हतो का? हा प्रश्न मला खातो आहे. तुझ्यासाठी सुद्धा नसेल तर ती बैठक कुणासाठी होती?

तू गेल्यानंतरची अमावास्या काल झाली. पाळी फिरून तुझ्याकडंच आली होती. बायका चाचरत होत्या. दुखवट्याचं घर, इतक्यात कसं जायचं, या महिन्यात राहू दे. मला त्यातही वास आला. एकदा राहू दे म्हटलं की पुढच्या महिन्यातही राहणार, आणि मग बैठक संपणार. मी म्हटलं, जायचं. रेहाना आपा म्हणाल्या, "फौजदार बोले तो चलो."

वर्षानं चीक काढून ठेवला होता. आम्ही आळीपाळीनं हाटला. खरं सांगते, गुठळ्या झाल्या. तू असतीस तर आम्हाला नावं ठेवली असतीस. सोऱ्या दाबताना तुझी जागा सगळ्या वळसा घालून टाळत होत्या. मग चहा आला. रीतीप्रमाणं वर्षानं बोलायचं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "सगळं ठीक चाललंय, मावशी. तुमच्या सगळ्यांच्या आशीर्वादानं."

कोवळी पोर, सासू नुकतीच गेलेली, कोण टोकणार? रेहाना आपांनी कप उचललासुद्धा. मला तो फाटकातला दिवस आठवला.

मी म्हटलं, "वर्षा, खोटं बोलू नकोस."

आपांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "तुझ्या सासूनं याच जागी बसून आम्हाला फसवलं. तुला मी फसवू देणार नाही. काय झालंय?"

ती एकदम बोलायला लागली. शेड पाडायचं घरात चाललंय. बायपासच्या बाजूच्या जागांच्या मागं एक बिल्डर लागलाय. नवरा आणि सासरे उद्या त्याच्याकडं जाणार आहेत. चीक तिला एकटीला जमत नाही, मागच्या दोन खेपा आंबून गेल्या, म्हणून घरचे म्हणतात, आता हे कोण करणार?

"तुला करायचंय?" मी विचारलं.

"व्हय."

"घरात बोललीस?"

"नाय." तिनं डोळे पुसले. "आईंना जाऊन किती दिवस झाले, मावशी? आन् मी जागेचं बोलू? लोक काय म्हणतील, सून टपलीच व्हती."

कांता, ती तुझ्यासारखीच गप्प बसली होती. कुणाला त्रास नको, कुणी काही म्हणायला नको, म्हणून सगळं पोटात. एवढं एक वाक्य सांगायला तिला घरात माणूस नव्हता. पुढची अमावास्या येईपर्यंत ही शेड राहिली नसती.

आम्ही ठरवलं. ती आज सकाळी घरात बोलणार, आम्ही शेजारी बसणार. मी तिच्या नवऱ्याला आणि सासऱ्यांना फौजदारासारखं विचारणार, कुणी काही लिहून दिलंय का, घाई कसली आहे. आपांनी चीक हाटायला दोन बायका सांगितल्या आहेत. तुझा मुलगा ऐकेल याची मला मुळीच खात्री नाही. बिल्डरची तर नाहीच नाही. मी आता निघतेच आहे देवळाईला, रिक्षा दारात उभी आहे आणि रिक्षावाला हॉर्न वाजवतोय.

जे तुला विचारायचं होतं, ते मी तुझ्या सुनेला विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं, तिला रडवलं. त्याबद्दल रागावली असशील तर खुशाल रागाव. मी तुझ्यावर रागावलेलीच आहे, आणि तुझी फार आठवण येते.